शेवटपर्यंत न पाहिलेली कॅसेट

तक्रार करायची म्हणूनच मी बोलायला बसलेय, हे आधीच सांगून टाकते. मी एक व्हिडिओ कॅसेट आहे. मद्रासला अण्णा नगरात, भीमसेनरावांच्या हॉलमधल्या कपाटात, खालच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. अंगावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर आधी तमिळमध्ये आणि खाली वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलंय, 'बोम्मैमेळा. पुसू नये.' पुसलं नाही कोणी. पण धड पाहिलंही नाही, आणि माझं दुखणं तेच आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीनं मी मद्रासच्या बर्मा बझारात आले आणि एका लाकडी टपरीत घड्याळं आणि सेंटच्या बाटल्या यांच्यामध्ये दोन महिने पडून राहिले. त्र्याऐंशी साली भीमसेनरावांनी मला तिथून घरी आणलं. ते गिंडीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून. घराणं मूळचं तंजावरचं, आडनाव मराठी, सकाळी इडली आणि देवापुढे मराठी आरती. सिंगापूरच्या मेहुण्यानं त्यांना नुकताच व्हिडिओ डेक पाठवला होता. त्या डेकमध्ये पहिली घातली गेली ती मी.

त्यांना एकच कार्यक्रम भरून ठेवायचा होता. त्या काळी मद्रासच्या टीव्हीवर दर शनिवारी 'बोम्मैमेळा' लागायचा. बोम्मै म्हणजे बाहुली. अर्ध्या तासात बाहुल्या गाणी म्हणायच्या, भांडायच्या, बातम्या सांगायच्या, नाचायच्या. त्यात गुंडप्पा नावाचा एक ढेरपोट्या स्वयंपाकी होता आणि अख्खं अण्णा नगर त्याच्यावर जीव टाकायचं. त्याला नाचवणारे आणि त्याच्या तोंडून बोलणारे दत्ताजी नावाचे गृहस्थ, तेही तंजावरकडचे मराठीच. पण त्यांना पाहिलेलं कोणी नव्हतं. बाहुल्या नाचवणारा काळ्या पडद्यामागे उभा असतो, पायात चाळ बांधलेले असतात आणि खेळ संपला की तो मागच्या मागे निघून जातो. प्रेक्षकांपुढे यायचं नाही, अशी त्यांची रीत.

मी ज्या शनिवारी भरले गेले तो मेळ्याचा शेवटचा भाग होता. भीमसेनराव डेकचं बटण दाबून बाजूला झाले आणि लगेच दारात पाहुणे आले म्हणून उठून गेले. त्यामुळे ते आत-बाहेर करत राहिले आणि सगळं नीट पाहिलं ते मी एकटीनं. अर्धा तास संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरनं मोडला. तो मोडला की आमच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मला दुखलं नाही, उलट अभिमान वाटला. स्टुडिओतल्या जुन्या टेपांवर नवे कार्यक्रम भरले गेले, अशी बातमी पुढे आली, तेव्हा तर मी जमिनीवर राहिले नाही. बोम्मैमेळ्याचा शेवटचा भाग जगात फक्त माझ्याकडे होता.

मग सुरू झाले माझे भक्त. तिघंच होते, पण तीनशेंना पुरून उरतील असे. स्वतः भीमसेनराव, शाळेत गणित शिकवणारे राघोत्तम आणि बँकेत नोकरीला असलेल्या विद्युलताबाई. दर नवरात्रात भीमसेनरावांच्या घरी कोलू मांडला जातो, म्हणजे लाकडी पायऱ्यांवर देवांच्या आणि माणसांच्या बाहुल्या बसवतात. घरी बाहुल्या बसल्या की टीव्हीतल्या बाहुल्याही पाहायच्या, असा या तिघांचा नेम. वर्षातून नऊ दिवस मला बाहेर काढायचे, एरवी नाही. बाहेर कोणाला द्यायची नाही, दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची नाही. उतरवताना झिजेल, असं भीमसेनरावांचं म्हणणं. आणि ते स्वतः काय करत होते, ते ऐका.

अठराव्या मिनिटाला गुंडप्पा कॉफी करतो. एका हातातलं भांडं उंच धरून दुसऱ्या भांड्यात धार सोडतो. तेवढ्यात त्याच्या उजव्या हाताची दोरी तुटते आणि हात लुळा पडतो. हे काही ठरवलेलं नव्हतं. पण पडद्यामागचे दत्ताजी क्षणभरही अडखळले नाहीत. त्यांनी गुंडप्पाची मान वर केली आणि त्याच्या तोंडून विचारलं, "वर कोण आहे? एक हात खाली पाठवा हो, कॉफी निवतेय." पुढे तो एका हातानं जे काही करतो ते सगळं मिळून चाळीस सेकंदांचं आहे.

हे चाळीस सेकंद या तिघांनी किती वेळा पाहिले असतील याला गणती नाही. पाहायचे, हसायचे, मागे घ्यायचे. राघोत्तम म्हणायचे, दोरी तुटण्याआधीच मान वर होते. विद्युलताबाई म्हणायच्या, नंतर होते. की पुन्हा मागे. मग चित्र थांबवून बोटानं काचेवर दाखवायचं. चित्र थांबलं की डेकचं चक्र माझ्या अंगाच्या एकाच जागेवर गरागरा घासत राहतं, हे या शिकल्यासवरलेल्या माणसांना सांगायचं कोणी? त्या जागी माझ्यावर पांढरे ओरखडे उठले. 'आता चित्र पहिल्यासारखं येत नाही,' असं म्हणून तिघंही हळहळायचे आणि खात्री करायला पुन्हा मागे घ्यायचे.

एवढं होईस्तोवर स्वयंपाकघरातून सुंडलचा वास यायचा. भीमसेनरावांच्या पत्नी अलमेलूबाई हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ, फार सुरेख करतात, मी नावं ठेवणार नाही. पण सुंडल आलं की तिघं उठायचे. मागोमाग कोलू पाहायला बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, टीव्ही बंद व्हायचा. अठराव्या मिनिटाच्या पुढे मी क्वचितच गेले. पंचवीस मिनिटांपर्यंत दोनदा. शेवटपर्यंत एकदाही नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. आणि हे स्वतःला बोम्मैमेळ्याचे भक्त म्हणवून घ्यायचे.

शेवटी काय आहे ते या घरात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक व्हावं म्हणून मी इतकी तळमळले नसते. पण एकोणनव्वद साली सईबाई आल्या.

सईबाई ही दत्ताजींची एकुलती एक मुलगी. कुंभकोणमला दिलेली. नवरात्रात चार दिवस नणंदेकडे, मद्रासच्याच दुसऱ्या टोकाला, वेलचेरीला यायची, तेव्हा एका लग्नात अलमेलूबाईंशी ओळख झाली आणि माझा पत्ता तिला लागला. ती हॉलमध्ये येऊन खाली सतरंजीवर बसली आणि सांगायला लागली. शेवटच्या खेळाआधी दत्ताजींनी तिला पत्र लिहिलं होतं. आयुष्यभर पडद्यामागे राहिलो, या वेळी खेळ संपल्यावर पडद्यापुढे येणार आहे, तू पाहा, असं त्यात होतं. पण तेव्हा मद्रासचा टीव्ही कुंभकोणमला दिसत नव्हता. पुढच्याच वर्षी दत्ताजी गेले. तिच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, तोही लग्नातल्या घोळक्यातला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या पगडीआड गेलेला. आवाज तर कुठेच नाही.

ती म्हणाली, तो शेवट एकदा पाहायचा आहे. तिघांनाही फार आनंद झाला. दत्ताजींची मुलगी आपल्या घरी आली म्हणून त्यांनी तिला मानानं पुढे बसवलं आणि लावलं काय? अठरावं मिनिट. ती बिचारी पदर तोंडाला लावून हसली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मागे घेतलं तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेलचेरीची बस चुकली की पुढची तासाभरानं. ती उठली, अलमेलूबाईंनी तिला कुंकू लावून तांबूल दिलं आणि ती गेली. 'मुलगी अगदी बापावर गेलीय, काय हसली,' असं राघोत्तम म्हणाले. बापाला न पाहता हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे.

नव्वद साली ती पुन्हा आली. त्या वर्षी पंधराव्या मिनिटाला करंट गेला आणि तीन तास आला नाही. पुठ्ठ्यानं वारा घेत तिघांनी तिला कॉफीचा सगळा प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवला.

एक्याण्णव साली अष्टमीला ती तिसऱ्यांदा आली. या वेळी ती सतरंजीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भीमसेनराव, मला ती गंमत नक्को. शेवट लावा. अप्पा पडद्यापुढे येतात तेवढं दाखवा, मग मी जातें."

भीमसेनरावांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही हो, नुसता वेंधळा आहे. त्यांनी मला डेकमध्ये घातलं आणि पहिल्यांदाच अठरावं मिनिट न थांबता ओलांडलं. मी काय सांगू मला कसं वाटलं. बावीस, पंचवीस, अठ्ठावीस. बाहुल्यांनी ओळीनं नमस्कार केला, दिवे मंदावले आणि नेमकं तिथं त्यांनी मला थांबवलं. कारण दारात अलमेलूबाईंच्या भजनमंडळाच्या अकरा बायका येऊन उभ्या होत्या. हॉल तो केवढा, टीव्ही कोलूच्या पुढ्यात, आणि आलेल्या सवाष्णींना बाहेर कसं उभं करायचं? भीमसेनरावांनी मला बाहेर काढलं, जपून कोलूशेजारी ठेवलं आणि तिला म्हणाले की जागा अगदी लावून ठेवली आहे, उद्या या, नुसतं बटण दाबायचं.

उद्या सरस्वतीपूजा होती. हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सरस्वतीपूजेला इकडे घरातली पुस्तकं, वह्या, हत्यारं, यंत्रं सगळी देवीपुढे मांडतात. त्यांना गंध-कुंकू लावतात, वर रेशमी वस्त्र घालतात आणि विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. शिवणाचं मशीन, स्कूटर, कारखान्यातला लेथ, कशाचीच सुटका नाही या सुट्टीतून. भीमसेनरावांनी डेकलाही बसवलं आणि डेकवर मला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सईबाई वेलचेरीहून धापा टाकत आली तेव्हा मी भगवद्गीता आणि राघोत्तमांची लॉगॅरिदमची चोपडी यांच्यामध्ये फुलं डोक्यावर घेऊन बसले होते.

तीही याच लोकांतली, पूजेतली वस्तू ओढून काढा असं तिच्या तोंडून येणार नव्हतं. तिनं नुसते हात जोडले. अलमेलूबाईंना तिची दया आली. त्या सहाणेवर चंदन उगाळत होत्या. वाटी तिच्यापुढे करून म्हणाल्या, "हें तुझ्या अप्पांचं. तूच गंध लाव ग, सई."

सईबाईनं वाटी घेतली. बाकीच्या पुस्तकांना एकेक टिकली लागली होती. तिनं माझ्यावर मात्र बोटं बुडवून, भरभरून, पातळ ओलं चंदन लावलं. कपाळावर लावावं तसं अगदी पुढच्या बाजूला. वर कुंकू लावलं. लावताना तिचे डोळे वाहत होते. माझ्या पुढच्या बाजूला एक झाकण असतं आणि त्या झाकणामागे माझी टेप एका पट्टीएवढी उघडी असते. जिथं थांबवलं असेल तेवढीच. त्या दिवशी तिथं काय थांबवून ठेवलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

चंदन फटीतून आत उतरलं. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. आठ वर्षं या तिघांवर चिडले, डेकवर चिडले, सुंडलवर चिडले. त्या दिवशी चिडायला समोर कोणीच नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट.

विजयादशमीला पूजा उतरली. डेकवरून पहिलं काय लावायचं तर हेच, असं अलमेलूबाईंनी ठरवलं. सगळे आले. राघोत्तम आणि विद्युलताबाई मागे खुर्च्यांवर, सईबाई टीव्हीच्या अगदी जवळ. भीमसेनरावांनी माझ्यावरचं वाळलेलं गंध रुमालानं पुसलं, म्हणजे वरवरचं. आतलं त्यांना दिसलं नाही. त्यांनी बटण दाबलं.

डेकनं मला ओढून घेतलं. मंद दिवे दिसले, काळ्या पडद्याची किनार हलली आणि चाळ वाजले. सईबाईनं लगेच मान वर केली, तो आवाज तिच्या ओळखीचा होता. आणि मग वाळलेलं चंदन चक्राला चिकटलं, मी त्याला चिकटले, चित्रभर पांढऱ्या रेषा धावल्या आणि करकर आवाज येऊन सगळं थांबलं. भीमसेनरावांनी बटणं दाबली. डेकचं झाकण खोलेपर्यंत दोन हात टेप आत गुंडाळून चुरगळून गेली होती.

ती सोडवताना चंदनाचे कण त्यांच्या बोटांना लागले. त्यांनी ते पाहिले. मग एकदा सईबाईकडे पाहिलं आणि बोटं गुपचूप धोतराला पुसून टाकली. डेक जुना झाला, हेड साफ करायला हवं होतं, आपण केलं नाही, आपलीच चूक, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. त्या एका खोट्यासाठी मी त्या माणसाला बरंच काही माफ केलंय.

सईबाईनं वळून तिघांना विचारलं, "इतके वर्षं तुम्ही अस्के, तिघंही, हें पाहता. अप्पा शेवटी काय बोलले, तेवढं सांगा. मला तेवढं पुरे."

राघोत्तम म्हणाले, बोलले नाहीत बहुतेक, नमस्कार केला. विद्युलताबाई म्हणाल्या, छे, सगळ्यांचे आभार मानले. राघोत्तम म्हणाले, ते दुसऱ्या भागात. दोघांची सवयीनं जुंपणार, तेवढ्यात भीमसेनरावांनी हात वर केला.

"सईबाई, खरं सांगतों," ते म्हणाले. "शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही."

राघोत्तम चष्मा काढून पुसायला लागले. विद्युलताबाई खाली बघत राहिल्या. गुंडप्पाची मान केव्हा वर होते हे सेकंदासकट सांगणारी ही माणसं, आणि ज्यानं ती मान वर केली त्याचा चेहरा काळा की गोरा हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

चुरगळलेली टेप पुन्हा चालणार नव्हती. भीमसेनरावांनी कात्रीनं तेवढा भाग कापला आणि उरलेली टोकं चिकटवली. दत्ताजी सगळेच्या सगळे त्या तुकड्यात होते. कापलेला तुकडा टाकायला ते उठले तेव्हा सईबाईनं हात पुढे केला. तिनं ती तपकिरी पट्टी उजेडात धरून पाहिली. आमच्या टेपवर डोळ्यांना काहीच दिसत नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं ती बोटाभोवती नीट गुंडाळली, तांबुलाच्या पिशवीत पानसुपारीशेजारी ठेवली आणि वेलचेरीची बस पकडायला गेली. त्यानंतर ती आली नाही.

आता पंच्याण्णव साल चालू आहे. टीव्हीवर परदेशी वाहिन्या आल्या आहेत आणि तारेनं घरोघर पोचल्या आहेत. तिघं भक्त नवरात्रात अजून जमतात, पण मला फळीवरून काढायचा विषय कोणी काढत नाही. एकदा राघोत्तमांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि मला परत आत ठेवलं. पांढरी बुरशी माझ्या कडेकडेनं चढतेय. समुद्राजवळच्या गावात आमच्या जातीचं आयुष्य एवढंच. अठरावं मिनिट अजून शाबूत आहे. मला त्याचा आता कंटाळा आलाय.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुंभकोणमला कधी गेलात, आणि दत्ताजींची सई तुम्हाला भेटली, तर तिला हे सांगा. गंधाचं सांगू नका. ते भीमसेनरावांनी लपवलंय, तुम्हीही लपवा. शेवटी काय होतं, तेवढंच सांगा. त्या घरात ते फक्त मी पाहिलंय.

दत्ताजी पडद्याखालून वाकून पुढे आले. उंच, काळे, केस पिकलेले, सदरा घामानं भिजलेला. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून ते थोडे बावरले. तमिळमध्ये त्यांनी वणक्कम म्हटलं. कार्यक्रम तमिळ होता आणि त्यांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण त्यांनी कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं आणि घरातल्या मराठीत विचारलं, "सई, दिसतों का ग मी?"

मग त्यांनी रिकामा हात वर करून हलवला, आणि ती उत्तर देईल म्हणून थोडा वेळ तिथंच उभे राहिले.